सीआरपी वाढलंय, बीपीही वाढलंय : आधी कशाच्या मागे लागायचं?

तुम्ही दिलेली माहिती अशी : वय ४६, उंची ५ फूट ६ इंच, वजन ८४ किलो. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये बीपी १५२/९६, एचएस-सीआरपी ५.८, ईएसआर ३० (या दोन्ही शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या). फॅमिली डॉक्टरांनी बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० ही गोळी लिहून दिली. जिना उतरताना एक गुडघा दुखतो म्हणून दोन महिने अ‍ॅसिक्लोफेनॅक-पॅरासिटामॉलची गोळी जवळजवळ रोज चालू. मग कुणीतरी सांगितलं की बीपीचं मूळ शरीरातल्या सुजेत असतं, सूज गेली की बीपी जातं. म्हणून टेल्मिसार्टन ड्रॉवरमध्ये आणि हळदीच्या कॅप्सूल सुरू. आता प्रश्न असा की सीआरपी खाली आणलं तर बीपी खाली येईल का, आणि त्यासाठी दर महिन्याला सीआरपी तपासावं का.

दोन्हींचं उत्तर बहुतेक ‘नाही’ असंच आहे. तुमचा खरा प्रश्न मात्र मला वेगळाच दिसतो. दोन आकडे एकाच कागदावर वाढलेले आहेत आणि एक दुसऱ्याचं कारण आहे असं गृहीत धरून तुम्ही औषध बदललंत. गुडघ्याच्या गोळीचा उल्लेख तुम्ही जाता जाता केलाय, पण माझी नजर आधी तिथेच गेली. तुमच्या किडनीचे रिपोर्ट तुम्ही दिलेले नाहीत, बीपी किती वेळा मोजलं तेही कळत नाही. त्यामुळे खाली काही ठिकाणी ‘जर-तर’ येणार.

आधी सीआरपी. हे लिव्हरमध्ये तयार होणारं प्रथिन आहे. शरीरात कुठेही संसर्ग, इजा किंवा सूज असली की पेशींकडून इंटरल्युकिन-६ नावाचा निरोप लिव्हरला जातो आणि सीआरपी सुटतं. १९३० साली न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात ते पहिल्यांदा सापडलं, आणि त्याचा स्वभाव तेव्हापासून माहीत आहे : सहा-आठ तासांत चढतं, साधारण दोन दिवसांत शिखर गाठतं, आणि कारण संपलं की दर १९ तासांना निम्मं होत उतरतं. ‘एचएस’ म्हणजे वेगळं प्रथिन नव्हे. प्रथिन तेच, फक्त कमी पातळीही नीट मोजता येईल अशी पद्धत वापरलेली असते.

हृदयविकाराच्या जोखमीसाठी एचएस-सीआरपी वाचताना १ पेक्षा कमी म्हणजे कमी जोखीम, १ ते ३ मध्यम आणि ३ च्या वर जास्त, असं मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये धरतात. १० च्या वर गेलं तर तो आकडा हृदयासाठी वाचायचाच नाही. सर्दी-खोकला, दाताचं गळू, लघवीचा संसर्ग असं काही शोधायचं आणि ते बरं झाल्यावर पुन्हा तपासायचं. एक गोष्ट रिपोर्टवर जरूर बघा : एकक. काही लॅब मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये लिहितात, तिथे ०.५८ म्हणजेच तुमचे ५.८. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवून ‘सीआरपी दसपट वाढलं’ म्हणून घाबरलेली माणसं नेहमी येतात.

तुमचं ५.८ जास्त आहे, पण एकाच नमुन्यावरून निष्कर्ष काढू नका. आदल्या आठवड्यातला ताप, लस, आदल्या दिवशीचा दमछाक करणारा व्यायाम, हिरड्यांची सूज, यांतल्या कशानेही एवढं वाढू शकतं. नियम असा की तब्येत ठीक असताना दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा तपासून सरासरी घ्यायची. ईएसआरबद्दल तर फार विचारच करू नका. पुरुषांत वयाचा निम्मा आकडा आणि बायकांत वयात दहा मिळवून निम्मा, ही ढोबळ वरची मर्यादा. तुमची २३ येते आणि तुमचं ३० आहे. हिमोग्लोबिन कमी असलं तरी ईएसआर वाढतो. हिमोग्लोबिन बघितल्याशिवाय त्याचा अर्थ लावू नये.

आता मुख्य मुद्दा. सूज आणि बीपी यांचा संबंध खरा आहे, हे ज्यांनी तुम्हाला सांगितलं ते हवेतलं बोलत नव्हते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या २०,५२५ महिलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला सगळ्यांचं बीपी नॉर्मल होतं. ज्यांचं सीआरपी सर्वांत वरच्या गटात होतं, त्यांना पुढच्या काही वर्षांत बीपी लागण्याची शक्यता सर्वांत खालच्या गटाच्या साधारण दीडपट निघाली, तीही वजन, धूम्रपान वगैरेंचा हिशोब वजा करून. प्रयोगशाळेतही धागा सापडतो. २००७ मध्ये असं दिसलं की टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांना अँजिओटेन्सिन हे बीपी वाढवणारं संप्रेरक दिलं तर त्यांचं बीपी नेहमीच्या उंदरांइतकं चढत नाही. त्यांना टी पेशी परत दिल्या की चढतं. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा बीपीत हात आहे. त्या रक्तवाहिनीच्या भिंतीत आणि किडनीत जाऊन बसतात, तिथे नायट्रिक ऑक्साइड कमी पडतं, वाहिनी सैल होत नाही, किडनी मीठ धरून ठेवते.

पण ‘सुजेचा बीपीत हात आहे’ आणि ‘माझं सीआरपी ५.८ आहे म्हणून माझं बीपी १५२ आहे’ ही दोन वेगळी विधानं आहेत. काही माणसांत जन्मतःच सीआरपी जास्त बनवणारी जनुकं असतात. सीआरपीच बीपी वाढवत असतं, तर या लोकांचं बीपी आयुष्यभर जास्त दिसायला हवं होतं. तसं दिसत नाही. दुसरा पुरावा २०१७ च्या एका मोठ्या चाचणीचा. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या आणि एचएस-सीआरपी २ किंवा त्याहून जास्त असलेल्या १०,०६१ रुग्णांत कॅनाकिनुमॅब हे सुजेची साखळीच तोडणारं इंजेक्शन तपासलं गेलं. सीआरपी चांगलं उतरलं, पुन्हा अटॅक-स्ट्रोक येण्याचं प्रमाण काही अंशी घटलं, पण बीपी उतरलं नाही, आणि नव्याने बीपी लागण्याचं प्रमाणही घटलं नाही.

याहून सोपा पुरावा प्रत्येक ओपीडीत रोज दिसतो. प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड द्या : सीआरपी झपकन खाली, बीपी वर. सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या द्या : दुखणं कमी, बीपी वर. सूज आणि बीपी एकाच दोरीला बांधलेले असते तर असं झालं नसतं.

तर, तुमच्या गुडघ्याच्या गोळीकडे येऊ. अ‍ॅसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, नेप्रोक्सेन, एटोरिकॉक्सिब ही सगळी एका कुळातली औषधं. ती प्रोस्टाग्लँडिन बनू देत नाहीत. गुडघ्यात प्रोस्टाग्लँडिन कमी झालं की दुखणं कमी होतं. पण किडनीत हेच प्रोस्टाग्लँडिन मीठ-पाणी बाहेर टाकायला मदत करत असतं आणि रक्तपुरवठा मोकळा ठेवत असतं. तिथे ते बंद पडलं की मीठ आणि पाणी अंगात साचतं. सरासरी बघितली तर बीपी ३ ते ५ अंकांनी वाढतं. ज्यांना मुळात बीपीकडे कल आहे किंवा किडनी थोडी अशक्त आहे, त्यांच्यात याहून बरंच जास्त. एटोरिकॉक्सिब यात सर्वांत त्रासदायक आहे, बीपी ताब्यात नसताना ती देऊच नये. शिवाय या गोळ्या बीपीच्या काही औषधांचा परिणामही बोथट करतात : टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, क्लोर्थॅलिडोन या मंडळींचा जास्त, अ‍ॅम्लोडिपिनचा त्या मानाने कमी. म्हणून टेल्मिसार्टन चालू असूनही बीपी उतरत नाही अशी तक्रार आली की डोस वाढवण्याआधी मी पहिला प्रश्न दुखण्याच्या गोळीचा विचारतो. रुग्ण ती ‘औषध’ म्हणून सांगतच नाहीत, कारण ती मेडिकलवाल्याकडून चिठ्ठीशिवाय आणलेली असते.

एक धोका ठळक सांगतो. टेल्मिसार्टनसारखी गोळी, लघवीची गोळी आणि वेदनाशामक, या तिन्ही एकत्र चालू असताना उलट्या-जुलाब झाले किंवा उन्हात पाणी कमी पडलं, तर किडनी अचानक बंद पडू शकते. तुमच्याकडे आत्ता दोनच आहेत (त्यातली एक ड्रॉवरमध्ये), पण पुढे लघवीची गोळी जोडली गेली तर हे लक्षात असू द्या.

मग गुडघ्याचं काय करायचं? अ‍ॅसिक्लोफेनॅक दोन आठवडे पूर्ण थांबवा, अर्थात ती दुसऱ्या कुणी गंभीर सांधेविकारासाठी लिहून दिलेली नसेल तर. जागेवर लावायचं डायक्लोफेनॅक जेल चालतं, त्यातलं फार थोडं रक्तात जातं. पॅरासिटामॉल ५०० गरजेपुरती, दिवसातून दोन-तीनदा, काही दिवस. पॅरासिटामॉलही अगदी निष्पाप नाही. २०२२ मध्ये एडिंबराच्या एका चाचणीत बीपीच्या रुग्णांना रोज ४ ग्रॅम दिल्यावर वरचं बीपी सुमारे ५ अंकांनी चढलं. पण तो डोस मोठा आणि सलग होता. पाण्यात फसफसणारी पॅरासिटामॉल मात्र टाळा, त्यात सोडियम बरंच असतं. मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या, गुडघ्याला त्याचा फायदा गोळीपेक्षा टिकाऊ असतो. आणि सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या कुणी दिल्या तर घेऊ नका. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडतं. दुखणं जादूसारखं जातं, सीआरपीही उतरतं, आणि दोन-तीन महिन्यांत चेहरा सुजतो, साखर आणि बीपी वाढतं. आधीच बरेच दिवस घेत असाल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू उतरवावी लागते.

या दोन आठवड्यांत दुसरं काम : बीपी खरंच किती आहे ते ठरवणं. चेकअपच्या रांगेत, उपाशीपोटी, सुई टोचल्यावर मोजलेलं १५२ आणि घरचं बीपी यांत सहज १० अंकांचा फरक पडतो. दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटाचं नको. कफ दंडाच्या घेराला पुरेसा हवा. आतला फुगणारा भाग दंडाचा सुमारे ८० टक्के घेर व्यापेल असा. जाड दंडाला लहान कफ बांधला की आकडा खोटा जास्त येतो, आणि ८४ किलोच्या माणसात ही चूक हमखास होते. मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, व्यायाम नाही. लघवी करून या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, मांडी न घालता, दंड छातीच्या उंचीवर टेकवून पाच मिनिटं गप्प बसा. मग एक मिनिटाच्या अंतराने दोन वेळा मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि रात्री झोपण्याआधी, सलग ७ दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे खोडा, बाकीच्यांची सरासरी काढा. १३५/८५ किंवा त्यावर आली तर बीपी आहे. पहिल्या वेळी दोन्ही दंडांत मोजा, हे का ते पुढे येईल.

या काळात टेल्मिसार्टनचं काय, हे मी इथून ठरवू शकत नाही. १५२/९६ ही घाईची पातळी नाही. साखर, किडनी किंवा हृदयाचा त्रास नसेल तर वेदनाशामक थांबवून दोन आठवडे नोंद करणं डॉक्टरांनाही मान्य होईल, पण ते त्यांना सांगून करा. मधुमेह असेल, लघवीत प्रथिनं जात असतील किंवा घरीही आकडे १६० च्या वर येत असतील, तर थांबण्यात अर्थ नाही, गोळी आजच सुरू करा. सुरू केल्यावर पूर्ण परिणामाला चार आठवडे लागतात. चौथ्या दिवशी ‘लागू पडत नाही’ म्हणून सोडू नये. आणि सुरू केल्यापासून एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) आणि पोटॅशियम तपासा. ही तपासणी सीआरपीपेक्षा स्वस्त आणि कितीतरी जास्त कामाची आहे.

सीआरपी आणि बीपी एकत्र का वाढतात, याचं तुमच्या बाबतीतलं सर्वांत संभाव्य उत्तर तुमच्या पट्ट्याच्या भोकांत आहे. तुमचा बीएमआय ३० च्या आसपास येतो. पोटाच्या आतली चरबी नुसती साठून राहत नाही. ती इंटरल्युकिन-६ सोडते, म्हणून लिव्हर सीआरपी बनवतं. तीच चरबी अँजिओटेन्सिनचा कच्चा मालही बनवते आणि मज्जासंस्थेला चेतवते, म्हणून बीपी चढतं. मूळ एक, फांद्या दोन. बेंबीच्या पातळीवर टेप लावा, आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंमी आणि बायकांसाठी ८० सेंमी ही मर्यादा. वजन एक किलो उतरलं की वरचं बीपी साधारण एका अंकाने उतरतं. सहा किलो उतरवलेत तर एका सौम्य गोळीएवढं काम होतं, आणि सीआरपी न मागता उतरतं.

याच मुळाच्या आणखी काही गाठी तपासा. घोरता का, झोपेत श्वास अडतो असं घरचे सांगतात का, दुपारी मीटिंगमध्ये डोळा लागतो का? झोपेत श्वास अडणाऱ्यांचं बीपी पहाटे चढलेलं असतं आणि गोळ्यांना दाद देत नाही. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं का? दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन हिरड्या साफ करून घ्या. सीआरपी वाढण्याचं हे फार दुर्लक्षित कारण आहे, आणि बीपीला मदत झाली तर ती वरकमाई. मिश्री, तंबाखू, गुटखा यांबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. ‘मी सिगारेट ओढत नाही’ म्हणणारी पुष्कळ माणसं रोज सकाळी मिश्री लावतात आणि लगेच बीपी मोजतात.

मिठाचं गणित वेगळं, सीआरपीशी फारसं बांधलेलं नाही, पण बीपीसाठी ते सुजेपेक्षा मोठं आहे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट चहाचा चमचा, माणशी. भाजी-आमटीतलं मीठ मोजून घरातल्या डोक्यांनी भागलं की बरेच जण तिथेच ही मर्यादा ओलांडतात, आणि लोणचं, पापड, शेव-फरसाण, सुकी मासळी त्याच्यावर. पापडात मिठाखेरीज पापडखार असतो, तोही सोडियमचाच. कमी सोडियमचं मीठ आणण्याआधी थांबा. त्यात पोटॅशियम असतं, आणि टेल्मिसार्टन चालू असताना किडनी कमजोर असेल तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. क्रिएटिनिनचा रिपोर्ट हातात आल्यावर ठरवा.

हळद. भाजीतली, दुधातली खुशाल चालू द्या. कॅप्सूलमधला अर्क वेगळी गोष्ट आहे. शोषण वाढावं म्हणून त्यात मिऱ्याचा अर्क घातलेला असतो, आणि अशा कॅप्सूलनंतर लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. बीपी तिने भरवशाने उतरत नाही. ‘सूज उतरवणारा काढा’ घेत असाल तर घटकांत ज्येष्ठमध आहे का पाहा. ते किडनीला मीठ धरायला लावतं आणि पोटॅशियम घालवतं. रोज घेतलं तर बीपी चांगलंच चढतं.

एवढं सगळं ‘सीआरपी बाजूला ठेवा’ म्हणणारं लिहिलं, तरी काही रुग्णांत तोच आकडा मोलाचा ठरतो. तरुण मुलगी, वय पंचविशी, बीपी १६०, ईएसआर ६०-७०, अंगात कसर, वजन घटलेलं, हात वर करून वेणी घालताना दंड भरून येतात : इथे ताकायासू आर्टेरायटिस हा रक्तवाहिन्यांचा आजार डोक्यात यायलाच हवा. महाधमनी आणि तिच्या फांद्यांना सूज येऊन त्या अरुंद होतात. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो. किडनीच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की बीपी चढतं, आणि एका हाताची नाडी कमी लागते. म्हणून दोन्ही दंडांत मोजायला सांगितलं. १० पेक्षा जास्त फरक परत परत आला तर सांगा, २० च्या वर गेला तर त्याच आठवड्यात दाखवा. दोन्ही किडन्यांच्या वाहिन्या अरुंद असताना टेल्मिसार्टन दिलं तर क्रिएटिनिन उसळी मारतं, हे त्या एक-दोन आठवड्यांच्या तपासणीचं आणखी एक कारण. गरोदरपणातही ही गोळी चालत नाही, तरुण वाचकांनी हे ध्यानात ठेवावं. ल्युपसमध्ये, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजारात, गंमत उलटी : ईएसआर खूप वाढलेला, सीआरपी बरेचदा नॉर्मल, आणि बीपी किडनीच्या सुजेमुळे. तिथे साधी लघवीची तपासणी प्रथिनं आणि लाल पेशी दाखवून देते. संधिवात असलेल्यांत, म्हणजे सकाळी तासभर बोटं आखडणं, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजणं, आजार ताब्यात आणणं हृदयासाठीही गरजेचं असतं. तुमचा एकच गुडघा, तोही जिना उतरताना दुखणारा, या चित्रात बसत नाही.

एचएस-सीआरपीचा तुमच्यासाठी एक रास्त उपयोग उरतो. दोन आठवड्यांनी पुन्हा तपासूनही २ च्या वर राहिलं, तर कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टसोबत ते डॉक्टरांसमोर ठेवा. स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारं औषध) सुरू करावं की नाही असा प्रश्न काठावर असेल, तर हा आकडा ‘हो’च्या बाजूला झुकवतो. २००८ मध्ये १७,८०२ लोकांवरच्या चाचणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३० च्या खाली पण एचएस-सीआरपी २ किंवा जास्त असणाऱ्यांना रोसुवास्टॅटिनने अटॅक-स्ट्रोकपासून फायदा झाला होता. एवढा निर्णय झाला की सीआरपी पुन्हा पुन्हा तपासण्याचं कारण नाही. ते पैसे क्रिएटिनिन, पोटॅशियम, लघवीतलं अल्ब्युमिन, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड आणि एक ईसीजी यांवर घाला.

आता करायचं ते एवढंच : उद्या डॉक्टरांना फोन करून अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि हळदीच्या कॅप्सूलबद्दल स्पष्ट सांगा, मशीन आणा, पहिल्या आठवड्यात थांबवलेल्या वेदनाशामकाचा परिणाम अंगातून उतरू द्या आणि दुसऱ्या आठवड्याचे सात दिवस वहीत लिहा. मधल्या काळात बीपी १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखणं, धाप, बोलण्यात अडखळणं किंवा नजर धूसर होणं यांतलं काही असलं तर वही बाजूला ठेवून थेट इमर्जन्सीला जा. नुसता आकडाच जास्त असेल, त्रास काही नसेल, तर पाच मिनिटं बसून पुन्हा मोजा आणि तरीही तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.